कंसातले साल आणि पोथीचे वय

१

मराठी विभागांतून लिहिल्या जाणाऱ्या शोधनिबंधांच्या अखेरीस आज जी संदर्भसूची येते, ती मराठी साहित्याच्या अभ्यासाने स्वतःच्या गरजेतून घडवलेली नाही. ती मानसशास्त्राकडून उसनी आणलेली आहे. अनेक नियतकालिकांच्या लेखकांसाठीच्या सूचनांत ‘संदर्भ एपीए पद्धतीने द्यावेत’ एवढी एक ओळ असते. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने आपल्या नियतकालिकांसाठी ठरवलेले नियम संतवाङ्मयाच्या किंवा बखरींच्या अभ्यासाला जसेच्या तसे का लागू व्हावेत, असा प्रश्न ती ओळ लिहिणाऱ्याला पडलेला नसतो आणि ती पाळणाऱ्यालाही पडत नाही.

या प्रश्नाकडे पाहण्याच्या दोन भूमिका रूढ आहेत. संदर्भांची मांडणी हे कारकुनी काम आहे, स्वल्पविराम कोठे द्यावा यावर विद्वानांनी डोके शिणवू नये, अशी पहिली भूमिका. हे सारे परकीय अवडंबर आहे, आपल्या थोर समीक्षकांना त्याची गरज भासली नाही, तेव्हा ते टाकून द्यावे, अशी दुसरी. वरवर परस्परविरोधी दिसणाऱ्या या दोन्ही भूमिकांच्या मुळाशी एकच गृहीतक आहे. संदर्भपद्धती हा विचाराचा केवळ पोशाख आहे, असे दोन्ही पक्ष मानतात. वस्तुतः संदर्भपद्धती हा युक्तिवादाचा घटक असतो. कोणती गोष्ट पुरावा म्हणून ग्राह्य धरायची, त्या पुराव्याविषयी वाचकाला प्रथम काय कळले पाहिजे आणि काय कळले नाही तरी चालेल, याविषयीचा एक सिद्धान्तच तिच्यात अंतर्भूत असतो. मराठी अभ्यासकांनी पद्धत घेतली, पण तिच्यातला सिद्धान्त तपासला नाही. आक्षेप आहे तो यावर.

२

लेखकाचे आडनाव आणि प्रकाशनाचे साल कंसात देण्याच्या पद्धतीचा उगम सामान्यतः १८८१ सालच्या एका प्राणिशास्त्रीय निबंधात मानला जातो. हार्वर्ड विद्यापीठातील एडवर्ड लॉरेन्स मार्क यांचा तो निबंध बागेतील गोगलगायीच्या अंड्यांविषयी होता. पुढे १९२९ साली मानसशास्त्राच्या एका नियतकालिकात लेखकांसाठी सात पानांच्या सूचना प्रसिद्ध झाल्या, १९५२ साली त्यांची पुस्तिका झाली आणि २०१९ साली तिची सातवी आवृत्ती निघाली. हस्तलिखित कसे सादर करावे याचे एक व्यवहारी टिपण नव्वद वर्षांत एवढा मोठा नियमग्रंथ झाले, यात आक्षेपार्ह काही नाही. ज्या ज्ञानशाखेसाठी तो रचला गेला, तिच्या गरजा त्याने उत्तम भागवल्या आहेत.

त्या गरजा कोणत्या, हे मात्र पाहिले पाहिजे. मानसशास्त्रातील निबंध बहुधा एखादा प्रयोग किंवा पाहणी यांचा निष्कर्ष मांडतो. वाचकाला त्यात प्रथम दोन गोष्टी हव्या असतात : हे कोणी दाखवले आणि केव्हा. पन्नास वर्षांपूर्वीच्या निष्कर्षाची जागा कालच्या निष्कर्षाने घेतलेली असू शकते, म्हणून सालाला अग्रस्थान. निष्कर्ष महत्त्वाचा, तो मांडणारे शब्द दुय्यम, म्हणून शब्दशः अवतरण दिले तरच पृष्ठांक सक्तीचा. आशय स्वतःच्या शब्दांत सांगितला तर तो नसला तरी चालतो. ज्ञान पुढे सरकते आणि मागचे मागे पडते, ही धारणा या मांडणीच्या मुळाशी आहे.

साहित्याच्या अभ्यासात यांपैकी एकही गोष्ट जशीच्या तशी खरी नाही. येथे शब्द हाच पुरावा असतो. पृष्ठांकाविना केलेला ओवीचा वा संवादाचा उल्लेख हा पुरावा नव्हे, ती केवळ आठवण आहे. जुने येथे आपोआप बाद होत नाही. म्हणूनच खुद्द अमेरिकेतील भाषा-साहित्याच्या प्राध्यापकांच्या संघटनेने आपली वेगळी पद्धत ठेवली. तिच्यात कंसात लेखक आणि पृष्ठांक येतो, साल येत नाही. जी पद्धत पाश्चात्त्य साहित्याभ्यासानेच आपली मानली नाही, ती मराठी साहित्याभ्यासाने ‘आंतरराष्ट्रीय’ म्हणून स्वीकारावी, यातला विपर्यास लक्षात येण्यासाठी फारसे देशीवादी असण्याची गरज नाही.

३

अमूर्त विधानांपेक्षा एक स्थळ समोर ठेवून पाहणे उपयुक्त ठरेल. सातारा जिल्ह्यातील कराड तालुक्यात कृष्णाकाठी वसलेले उंब्रज हे समर्थ रामदासांनी स्थापलेल्या अकरा मारुतींपैकी एकाचे गाव. जवळच चाफळ, माजगाव आणि शिंगणवाडी. उंब्रजच्या मारुतीची स्थापना परंपरेने शके १५७१ मधील मानली जाते. या परिसरातील रामदासी परंपरेवर एखादा पदव्युत्तर विद्यार्थी निबंध लिहू लागला, तर मानसशास्त्राची संदर्भपद्धती त्याला कोठे नेते?

पहिली अडचण शकाची. शालिवाहन शकाचे वर्ष चैत्रात सुरू होते. त्यामुळे चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तिथीसाठी शकात ७८ मिळवावे लागतात आणि जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९. शके १५७१ म्हणजे १६४९ की १६५०, हे महिना कळल्याशिवाय सांगता येत नाही. ही काटेकोरपणाची हौस नव्हे. रामदासांचे देहावसान शके १६०३ च्या माघ वद्य नवमीला झाले. माघ महिना जानेवारी-फेब्रुवारीत येतो, म्हणजे ते साल १६८२ होय. तरीही कितीतरी पुस्तकांतून १६८१ छापले जाते, कारण कोणीतरी यंत्रवत ७८ मिळवले आणि पुढच्यांनी ते उतरवून घेतले. कंसात चार आकडी एकच साल मागणारी पद्धत ही चूक निर्माण करते असे नाही, परंतु ती चूक झाकण्याची सोय करते. ‘शके १६०३, माघ वद्य ९’ असे लिहिले असते तर वाचकाने स्वतः गणित करून पाहिले असते.

दुसरी अडचण अधिक मूलगामी आहे. दासबोधाच्या सहाव्या दशकातील चौथ्या समासात कलियुगाची ४७६० वर्षे लोटल्याचा उल्लेख आहे. त्यावरून तो भाग शके १५८१ च्या, म्हणजे १६५९ च्या सुमाराचा ठरतो. ग्रंथाच्या रचनाकाळाचा हा अंतर्गत पुरावा आहे. विद्यार्थ्याच्या निबंधात मात्र त्याच समासाचा उल्लेख ‘(रामदास, २०११)’ असा येतो, कारण त्याच्या हातातली प्रत त्या साली छापलेली असते. डोमगाव येथील, कल्याणस्वामींच्या हातची म्हणून ओळखली जाणारी प्रत शंकर श्रीकृष्ण देव यांनी प्रसिद्धीस आणली, हा रामदासी अभ्यासातला मोठा टप्पा होता. हातातली पुनर्मुद्रित प्रत त्या संहितेवर आधारलेली आहे की दुसऱ्या कोणत्या, हे त्या कंसातून कळत नाही. उलट, दासबोधाच्या वीस दशकांची आणि दोनशे समासांची जी अंगभूत व्यवस्था आहे, तिने ‘दशक, समास, ओवी’ असे तीन आकडे दिले की कोणत्याही प्रतीचा वाचक त्या जागेशी पोहोचतो. प्रत वेगळी असेल तर पाठभेद कोठे शोधायचा हेही त्याला कळते. संदर्भ म्हणजे काय, याचे इतके नेमके उत्तर ग्रंथकर्त्यानेच देऊन ठेवले असताना ते बाजूला सारून छापखान्याचे साल पुढे करणे याला शिस्त म्हणता येणार नाही.

तिसरी अडचण इतिहासाच्या ऐन गाभ्याशी भिडते. समर्थ आणि शिवराय यांच्या पहिल्या भेटीचा काळ हा मराठी संशोधनातील एक जुना आणि कडवा वाद आहे. रामदासी परंपरा ती भेट शके १५७१ मध्ये शिंगणवाडीस झाली असे मानते, तर रामदासी मंडळींच्या पत्रव्यवहारावर भर देणाऱ्या अभ्यासकांनी ती शके १५९४ च्या सुमारास ढकलली. देव आणि राजवाडे एका बाजूला, गो. का. चांदोरकर दुसऱ्या बाजूला, असा तो सामना होता. त्या वादाचा निवाडा येथे करावयाचा नाही. लक्षात घ्यायचे ते एवढेच, की तो सारा वाद साधनांच्या वयावर उभा आहे. समकालीन पत्र आणि घटनेनंतर शतकाहून अधिक काळाने रचलेली बखर यांचे मोल सारखे धरायचे की नाही, हाच तेथला प्रश्न आहे. हनुमंतस्वामींची बखर अठराव्या शतकाच्या अखेरीची. तिचा उल्लेख मुद्रित आवृत्तीच्या सालाने केला आणि समकालीन पत्राचा उल्लेखही ते ज्या संग्रहात छापले गेले त्याच्या सालाने केला, तर दोन्ही साधने विसाव्या शतकातली होऊन शेजारी शेजारी बसतात. ज्या वादात साधनाचे वय हाच पुरावा आहे, तेथे साधनाचे वय पुसून टाकणारी पद्धत वापरणे म्हणजे न्यायालयात साक्षीदारांना मुखवटे घालून उभे करणे होय.

यावर एक उत्तर दिले जाईल, आणि ते खरे आहे : एपीएच्या नियमग्रंथात मूळ साल आणि पुनर्मुद्रणाचे साल ही दोन्ही देण्याची तरतूद आहे, धर्मग्रंथ व अभिजात ग्रंथ यांच्यासाठी अध्याय-श्लोकांचे क्रमांक द्यावेत असेही त्यात सांगितले आहे. मग दोष कोणाचा? दोष मानसशास्त्रज्ञांचा नाहीच. तो अशा मार्गदर्शकांचा आहे, ज्यांनी मूळ नियमग्रंथ उघडून न पाहता त्याची दोन पानी झेरॉक्स विद्यार्थ्यांच्या हाती दिली. परकी पद्धत आणली असे म्हणणेही त्यांचा गौरव करण्यासारखे आहे. त्यांनी त्या पद्धतीची वरची साल तेवढी आणली.

४

व्यक्तिनामांची स्थिती याहून वेगळी नाही. आडनाव आधी, मग नावाची आद्याक्षरे, हा नियम ज्यांना आडनाव आहे अशा लेखकांना ठीक लागू पडतो. तो यंत्रवत लावला की ‘महाराज, तु.’ अशी नोंद तयार होते आणि तिच्यावर हसण्याचेही भान राहत नाही. टोपणनावांचे काय? ‘आरती प्रभू’ हे चिं. त्र्यं. खानोलकरांनी कवितेसाठी घेतलेले नाव. त्याचे ‘प्रभू, आ.’ असे तुकडे केले, तर नसलेल्या एका घराण्यातली नसलेली एक व्यक्ती सूचीत अवतरते आणि ‘कोंडुरा’चा लेखक ख-मध्ये, तर ‘जोगवा’चा कवी प-मध्ये जाऊन बसतो. ‘कळ्यांचे निःश्वास’ १९३३ साली ‘विभावरी शिरूरकर’ या नावाने प्रसिद्ध झाले. त्या नावाआड बाळूताई खरे होत्या आणि पुढे त्या मालतीबाई बेडेकर झाल्या. एका स्त्रीने कोणत्या काळी कोणत्या नावाने लिहिणे शक्य होते, हा येथे साहित्याच्या इतिहासाचा विषय आहे. ‘शिरूरकर, वि.’ या नोंदीत त्यातले काहीही उरत नाही.

प्रकाशनस्थळाची गोष्टही तशीच. २०१९ च्या आवृत्तीने ग्रंथनोंदीतून प्रकाशनस्थळ गाळले. ज्या प्रकाशनसंस्थांची कार्यालये अनेक देशांत आहेत, त्यांच्या बाबतीत गावाचे नाव निरर्थक झाले होते, तेव्हा हा निर्णय योग्यच होता. मराठी ग्रंथव्यवहारात मात्र गाव बोलते. देवांची सत्कार्योत्तेजक सभा धुळ्याची. ज्या वाङ्मयाची भूमी चाफळ-उंब्रज-सज्जनगड ही, त्याच्या संपादनाचे एक केंद्र खानदेशात कसे उभे राहिले, हा प्रश्न ‘धुळे’ हा शब्द दिसला तरच सुचतो. पारसनिसांचा ‘इतिहाससंग्रह’ साताऱ्याचा, ‘नवभारत’ वाईचा. महानगराबाहेरच्या विद्वत्तेचा नकाशा प्रकाशनस्थळांच्या त्या दोनतीन अक्षरांत सामावलेला आहे. तो पुसण्याची आज्ञा आपल्याला कोणी दिलेली नव्हती.

सर्वांत गंभीर प्रश्न मौखिक साधनांचा आहे. एपीएच्या नियमानुसार वाचकाला परत मिळवता न येणारे तोंडी कथन ‘व्यक्तिगत संवाद’ ठरते. त्याचा उल्लेख मजकुरात करायचा, सूचीत नाही. सातव्या आवृत्तीत आदिम जमातींच्या मौखिक परंपरेसाठी स्वतंत्र सूचना आल्या आहेत, तथापि नोंदले न गेलेले कथन तेथेही सूचीबाहेरच राहते. आता उंब्रज परिसरातील एखाद्या वृद्धेकडून जात्यावरच्या ओव्या मिळवणाऱ्या अभ्यासकाचा विचार करावा. त्याच्या सूचीत ओवीविषयी लिहिणाऱ्या प्राध्यापकांची नावे येतील. जिच्या कंठात ती ओवी टिकली, तिचे नाव येणार नाही. लोकसाहित्याच्या अभ्यासात गाणारी हाच ग्रंथ असतो. तिचे नाव, गाव, माहेर, गायनाचा प्रसंग, संकलनाची तारीख आणि ध्वनिमुद्रण कोठे ठेवले आहे, एवढ्या गोष्टींची नोंद, तिची संमती असेल तर, सूचीतच झाली पाहिजे. ती होत नसेल, तर ‘वंचितांचे ज्ञान’ वगैरे शब्द निबंधाच्या शीर्षकात कितीही मोठ्या टायपात छापले तरी व्यर्थ आहेत.

५

येथपर्यंतच्या विवेचनाने दुसऱ्या पक्षाला, म्हणजे ‘हे सारे परकीय, टाकून द्या’ म्हणणाऱ्यांना, आनंद होण्याचे कारण नाही. ‘एके ठिकाणी म्हटले आहे’, ‘एका पाश्चात्त्य विचारवंताच्या मते’ अशा वाक्यांवर मराठी समीक्षेने दीर्घकाळ गुजराण केली. ‘तत्रैव’ आणि ‘उनि’ यांच्या साखळ्या अशा, की मूळ ग्रंथाचे नाव शोधताना वाचकाची दमछाक व्हावी. तुकारामांचा अभंग उद्धृत करताना गाथेची प्रत न सांगण्याची सवय तर आजही टिकून आहे. शंकर पांडुरंग पंडितांनी संपादिलेली १८७३ ची गाथा, तिच्यावर आधारलेली १९५० ची सरकारी गाथा आणि सांप्रदायिक प्रती यांत अभंगांचे क्रमांक सारखे नाहीत. प्रतीचे नाव न देता नुसता क्रमांक देणे म्हणजे गाव न सांगता घरक्रमांक देणे. ज्ञानेश्वरीच्या राजवाडे-प्रतीचा धडा याहून कठोर आहे. राजवाड्यांनी १९०९ साली ती छापली, परंतु ज्या पोथीवरून छापली ती पुढे अभ्यासकांना उपलब्ध राहिली नाही. परिणामी, राजवाड्यांच्या पाठांवर आक्षेप घेणाऱ्याला आणि त्यांचा पक्ष घेणाऱ्यालाही मूळ पोथीशी ताडून पाहण्याचा मार्ग उरला नाही. पडताळा घेता न येणारा पुरावा हा विद्वत्तेच्या मोठेपणाने भरून निघत नाही, हे यातून शिकायचे.

तेव्हा शिस्त हवीच. प्रश्न एवढाच, की ती कोणाला जबाबदार आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० पासून अध्यापकांच्या लेखनाचे गुणांकन सुरू केले; २०१८ साली वाङ्मयचौर्याविरुद्ध नियम आले आणि साधर्म्याच्या टक्केवारीची भाषा रूढ झाली; नियतकालिकांची मान्यताप्राप्त यादी आली आणि २०२५ साली ती बंदही झाली. या सगळ्या काळात संदर्भसूची ही वाचकासाठी असते ही जाणीव मागे पडली आणि ती परीक्षकासाठी, तपासणीयंत्रासाठी असते ही समजूत रुजली. साधर्म्य मोजताना संदर्भसूची वगळली जाते. अर्थात तिच्यातला ग्रंथ कोणी उघडला होता काय, हे यंत्र विचारत नाही आणि बहुधा परीक्षकही विचारत नाही. या वृत्तीची परिणती आज आपल्या डोळ्यांसमोर आहे. मजकूर रचून देणारी संगणकीय साधने मागाल तितके संदर्भ देतात : आडनाव, आद्याक्षर, कंसात साल, तिरक्या ठशात शीर्षक, सर्व विरामचिन्हे जागच्या जागी; फक्त तो ग्रंथ कधी लिहिलाच गेलेला नसतो. मांडणी निर्दोष आणि संदर्भ शून्य. संदर्भपद्धती म्हणजे केवळ मांडणी, असे ज्यांनी इतकी वर्षे शिकवले, त्यांना या खोट्या नोंदीवर आक्षेप घेण्याचा नैतिक अधिकार उरत नाही.

६

उपाय दुर्घट नाहीत. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९५० या दीडशे वर्षांतील मराठी ग्रंथांची सूची दोन खंडांत सिद्ध केली. वाईच्या विश्वकोशाने नोंदीच्या अखेरीस ‘पहा’ आणि ‘संदर्भ’ अशी सुटसुटीत व्यवस्था रूढ केली. मराठीत या विद्येची परंपरा आहे. तिला विद्यापीठीय नियमांचे रूप देणे तेवढे राहून गेले आहे. त्या नियमांत किमान पुढील गोष्टी याव्यात. प्राचीन व मध्ययुगीन ग्रंथांचा संदर्भ अंगभूत क्रमांकाने द्यावा आणि वापरलेली प्रत व संपादक सूचीत नोंदवावेत. रचनाकाळ, लेखनकाळ आणि मुद्रणकाळ ही तीन वेगवेगळी साले मानावीत. शक असेल तर तो मूळ रूपात ठेवून मगच इसवी सन द्यावा. टोपणनाव आणि संतनाम अखंड ठेवावे व मूळ नावाकडे ‘पहा’ने निर्देश करावा. प्रकाशनस्थळ गाळू नये. ‘ज्ञ’ आणि ‘क्ष’ यांचे सूचीतील स्थान एकदाचे ठरवावे. मौखिक साधन देणाऱ्याला सूचीत लेखकाइतकेच स्थान द्यावे. अवतरण असो वा सारांश, पृष्ठांक सक्तीचा असावा.

मराठीतील विद्यार्थी मानसशास्त्राच्या नियतकालिकासाठी लिहील, तेव्हा त्याने मानसशास्त्राचे नियम काटेकोरपणे, मूळ नियमग्रंथ उघडून पाळावेत. त्या घरात त्या घराची रीत. पण दासबोधाच्या एखाद्या ओवीचा पुरावा तो मांडील, तेव्हा ती ओवी कोणत्या प्रतीतली, त्या प्रतीचे वय काय, आणि आपण ती स्वतः वाचली की दुसऱ्याच्या पुस्तकातून उचलली, हे त्याने सांगितलेच पाहिजे. दुसऱ्याच्या पुस्तकातून घेतले असेल तर त्या पुस्तकाचे नाव घ्यावे. एवढा प्रामाणिकपणा अंगी असेल तर स्वल्पविरामाची चूक क्षम्य ठरते, आणि तो नसेल तर अचूक स्वल्पविरामांची ती सूची खोट्या साक्षीइतकीच त्याज्य होय.